नॉर्वेचे फ्योर्ड : मोठी क्रूझ की जमिनीवरून? (आई-बाबांसाठी)

मृदुला_ठाणे

नमस्कार मंडळी,

पुढच्या जूनमध्ये आई-बाबांच्या लग्नाला ४५ वर्षं होतायत. आम्ही तिघं भावंडं मिळून त्यांना नॉर्वे दाखवायचं म्हणतोय. बाबा ७२, बँकेतून निवृत्त, इतिहासाचं वेड. कुठल्याही गावात गेले की आधी 'जुनी वेस कुठे होती?' विचारणार. आई ६९, शुद्ध शाकाहारी (अंडंही नाही), उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीला दोन किलोमीटर आरामात चालते, जिना दिसला की तोंड वाकडं.

एका टूरवाल्याने साउथॅम्प्टनहून सात रात्रींची क्रूझ सुचवली आहे. स्टावांगर, ओल्डन, गाइरांगर, बर्गन आणि परत. जहाज अवाढव्य आहे. धाकटा भाऊ म्हणतो क्रूझ म्हणजे पैशांचा चुराडा, गाडी भाड्याने घ्या. नवरा म्हणतो त्या पैशांत अंदमान पाच वेळा होईल. (त्याला कोणी विचारलं नव्हतं.)

डेकवरून फ्योर्ड खरंच दिसतात का, की ते फोटो ड्रोनचे? बंदरात सात-आठ तास मिळतात त्यात बाबांच्या पदरात काय पडेल? आणि आई काय खाईल? गेलेल्यांनीच सांगा प्लीज.

सागरगोटा

डोळे मिटून पाठवा. आणि आम्हालाही दत्तक घ्या.

बंड्या सदाशिवपेठी

माझं मत कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो. मोठी क्रूझ म्हणजे पाण्यावर तरंगणारा मॉल. त्यात चार-साडेचार हजार माणसं, वर नाचगाणी, कॅसिनो, न्याहारीला मंगल कार्यालयासारखी रांग. सगळे एकाच वेळी गावात उतरतात, फ्रिजवर चिकटवायचं चुंबक घेतात आणि चारला परत जहाजावर चहाला. याला प्रवास म्हणायचं असेल तर मी दर शनिवारी लक्ष्मी रोडला प्रवास करतो.

सागरगोटा

बंड्याभाऊ, तुम्ही क्रूझवर गेला आहात का हो कधी?

बंड्या सदाशिवपेठी

नाही. मी मंगळावरही गेलेलो नाही, पण तिथे श्वास घेण्याजोगी हवा नाही एवढं ठाऊक आहे.

पावसाळी_बर्गन

नऊ वर्षं बर्गनमध्ये राहते. मूळची सांगलीची. बंड्या यांचं जहाजाबद्दल जे काय असेल ते असो, गावाबद्दल मी सांगते.

मृदुला, आधी व्हिसा बघ. साउथॅम्प्टनहून निघायचं तर यूकेचा व्हिसा वेगळा आणि नॉर्वेसाठी शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) वेगळा. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. म्हणजे दोन फिया, दोनदा बोटांचे ठसे, आणि पासपोर्ट एका ठिकाणी अडकला की दुसरीकडे जीव टांगणीला. त्यापेक्षा हांबुर्ग, कील किंवा कोपनहेगनहून सुटणारी क्रूझ घेतलीस तर एका शेंगेनवर काम भागतं. टूरवाले हे आपणहून सांगत नाहीत.

बाबांसाठी बर्गन म्हणजे पर्वणी आहे. बंदराला लागून लाल, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची रांग दिसते ना फोटोत, ते ब्रिग्गेन. १३६०च्या सुमारास जर्मन हान्सा (उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा संघ) व्यापाऱ्यांनी तिथे आपलं 'कोंटोर' थाटलं. त्यांना सांग, कोंटोर म्हणजे वखार! आपल्याकडे राजापूरला इंग्रजांची होती तशी. उत्तरेकडून सुकवलेला कॉड मासा यायचा, जर्मनीकडून धान्य. १७५४पर्यंत हे कोंटोर चाललं. व्यापारी सगळे पुरुष, लग्नाला बंदी. आणि लाकडी इमारती म्हणून आत विस्तव पेटवायलाही बंदी. बर्गनच्या हिवाळ्यात! शेकायचं आणि शिजवायचं तर मागच्या बाजूला वेगळी दालनं होती, तिथे जायचं. एवढं करूनही १७०२ साली सगळं जळालंच. मग जुन्याच आराखड्यावर पुन्हा बांधलं. १९७९पासून जागतिक वारसा यादीत आहे.

लोक समोरून फोटो काढून निघून जातात. खरी गंमत दोन घरांमधल्या बोळात आहे. फळ्या टाकलेली वाट, दोन्ही बाजूंनी घरं एकमेकांकडे कललेली, वरच्या सज्ज्यांतून आभाळाची जेमतेम एक पट्टी. पाऊस पडून गेला की डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास येतो. मला दर वेळी आजोळच्या माजघराची आठवण होते. आईंना सांग, फळ्या ओल्या असतात, सपाट तळव्याचे बूट घाला.

आणि हो, छत्री. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस इथे पाऊस असतो.

रत्नांग्री

किती पडतो गो तुमच्याकडे?

पावसाळी_बर्गन

वर्षाला सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर.

रत्नांग्री

हात्तिच्या! एवढा तर आमच्याकडे गणपती यायच्या आधी पडून जातो. आणि चार महिन्यांत उरकतो, वर्षभर रडत बसत नाही.

बंड्या सदाशिवपेठी

वखारीचं आवडलं. राजापूरची वखार महाराजांनी १६६१मध्ये लुटली. बर्गनवाले सुदैवी.

विदर्भवासी

अंडं नाही, मासोळी नाही, अन् चालले नॉर्वेले! काकू तिथं काय धबधबे पाहून पोट भरतीन का?

तारवटी

मी मडगावचा. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, म्हणून हे नाव. चौदा वर्षं क्रूझ जहाजांच्या डायनिंगला काढली, त्यातले सहा उन्हाळे नॉर्वेच्या बाजूला. आता घरीच असतो. बंड्यासाहेब म्हणतात ते अर्धं खरं आहे, उरलेलं अर्धं मी सांगतो.

जेवणाची काळजी सोडा. बुकिंग करतानाच 'शाकाहारी, अंडं नाही' लिहून घ्यायचं आणि पहिल्या रात्री टेबलाच्या मुख्य वेटरला गाठायचं. तो बहुधा आपल्याकडचाच निघेल, गोव्याचा, मुंबईचा नाहीतर मंगळूरचा. त्याला आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी डाळ-भात, भाजी येते. आम्ही हे कितीतरी आजी-आजोबांसाठी केलंय. कोणी मराठीत 'बाळा, जरा तिखट दे' म्हटलं की गल्लीत (आम्ही जहाजाच्या स्वयंपाकघराला गल्ली म्हणतो) जाऊन क्रूच्या जेवणातलं लोणचं आणायचो. नियमात बसत नाही, पण बसवायचो.

डेकवरून फ्योर्ड दिसतात का? दिसतात म्हणजे काय, अंगावर येतात. गाइरांगर पंधरा किलोमीटर लांब आहे. सकाळी पाच-सहाला जहाज आत शिरतं, आणि नव्वद टक्के पाहुणे तेव्हा झोपलेले असतात. मी न्याहारी लावण्याआधी दहा मिनिटं मागच्या डेकवर जायचो. इंजिन अगदी हळू, दोन्हीकडे सरळ उभा कडा, त्यावरून पाण्याच्या दोऱ्या. पाणी इतकं स्थिर की डोंगर उलटा खाली. काकांना सांगा, पाचचा गजर लावा आणि मागे जा. पुढे वारा फार.

कुठल्या बाजूची केबिन, हे भांडण करू नका. फ्योर्डात जहाज ज्या वाटेने आत जातं त्याच वाटेने बाहेर येतं. येताना डावी, जाताना उजवी. पैसे जास्त घालायचेच तर ते जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर केबिन घेण्यात घाला. उत्तर समुद्र ओलांडताना एक अख्खा दिवस किनारा नसतो. तिथे कधी पाणी तेलासारखं, कधी सूपच्या वाट्या टेबलावरून चालायला लागतात. मध्यावर हलणं कमी.

आता आईंच्या गुडघ्याचं. स्टावांगर आणि बर्गनला जहाज धक्क्याला लागतं, उतरलं की गाव. गाइरांगरला मोठी जहाजं बहुतेक वेळा मध्येच नांगर टाकतात आणि लहान होड्यांतून, आम्ही टेंडर म्हणतो, लोकांना किनाऱ्यावर नेतात. पाणी शांत असतं, दोन माणसं हात धरायला असतात, पण एक पाऊल हलत्या फळीवर टाकावं लागतं. पहिल्या टेंडरची घाई करू नका. दहानंतर रांग संपते.

विदर्भवासी

लोणच्याची गोष्ट आवडली राजेहो. शब्द मागे घेतो.

भूगोलाचे सर

फ्योर्ड म्हणजे नेमकं काय हे कोणीच लिहिलं नाही, म्हणून एक तास घेतो.

पुष्कळ लोक सांगतात की फ्योर्ड म्हणजे नॉर्वेची खाडी. तसं नाही. आपली दाभोळची किंवा जयगडची खाडी म्हणजे नदीच्या मुखात शिरलेला समुद्र. उथळ, गाळाने भरत जाणारी, कडेला खाजण. फ्योर्ड नदीने नाही, हिमनदीने कोरलेला असतो. शेकडो मीटर जाडीचा बर्फ दरीतून सरकताना तळ आणि बाजू खरवडत जातो, म्हणून दरीचा आकार इंग्रजी 'यू'सारखा होतो. बर्फ गेला की समुद्र आत येतो. गंमत अशी की मुखाशी बर्फ पातळ होऊन पसरायचा, तिथे खोदकाम कमी झालं. सोग्नेफ्योर्ड दोनशेहून जास्त किलोमीटर आत गेलाय आणि आतमध्ये तेराशे मीटर खोल आहे, पण तोंडाशी दोनशे मीटरही नाही. म्हणजे उंबरा वर आणि घर खाली. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, यावरून अंदाज करा.

धबधबेही याच कारणाने. मुख्य हिमनदी खोल खोदून गेली, बाजूच्या छोट्या हिमनद्यांच्या दऱ्या वरच लटकत राहिल्या. त्यातलं पाणी आता कड्यावरून उडी मारतं. गाइरांगरचा 'सात बहिणी' हा धबधबा तसाच, आणि समोरच्या कड्यावर 'मागणी घालणारा' नावाचा एकटा धबधबा. सातही जणींनी नकार दिला म्हणून तो अजून तिथेच आहे, असं सांगतात. वरचा बर्फ वितळतो तोवरच सातजणी दिसतात. जून उत्तम, ऑगस्टअखेर दोन-तीन बहिणी माहेरी गेलेल्या असतात.

आणि एक. हे कडे दिसतात तेवढे निवांत नाहीत. त्याच भागात ताफ्योर्डला ७ एप्रिल १९३४ रोजी डोंगराचा कडा पाण्यात कोसळला, लाट उठली आणि ४० माणसं गेली. आज गाइरांगरजवळच्या ओकेरनेसच्या डोंगराला मोठी भेग आहे, ती यंत्रं लावून चोवीस तास मोजतात. पर्यटकांना घाबरायचं कारण नाही. पण माळीणनंतर आपण काय मोजतो, हा प्रश्न तिथे उभा असताना माझ्या डोक्यात आला होता.

रत्नांग्री

सर, बहिणी माहेरी :))

मृदुला_ठाणे

बाप रे, किती छान लिहिताय सगळे. व्हिसाचं मला खरंच माहीत नव्हतं. टूरवाल्याला विचारलं तर म्हणाला, 'मॅडम ते आम्ही बघू.' म्हणजे मीच बघायचंय. बाबांना वखारीचं वाचून दाखवलं, ते नकाशा घेऊन बसलेत.

चुकलेली बोट

आमची कथा सांगते. नवऱ्याने नाव लिहायचं नाही या अटीवर परवानगी दिली आहे.

तीन वर्षांपूर्वी साउथॅम्प्टनहून गेलो होतो. पहिल्या रात्री जहाजावर घोषणा झाली की नॉर्वेची वेळ एक तास पुढे, घड्याळं बदला. फोन आपोआप बदलले. नवऱ्याच्या मनगटावर सासऱ्यांचं जुनं एचएमटी, त्याला किल्ली द्यायची असते आणि ते बदलायचं नसतं (म्हणे). फ्लोमला उतरलो, साडेचारला परत बोलावलं होतं. माझा फोन फोटो काढून काढून मेलेला, त्याचा केबिनमध्ये. आम्ही मजेत एचएमटीवर! नदीकाठी बसून मी आणलेल्या दशम्या खाल्ल्या. साडेचार वाजले असं समजून धक्क्यावर आलो तर धक्का रिकामा. लांब फ्योर्डच्या वळणावर आमचं जहाज पाठमोरं.

मी रडले. नवरा घड्याळाला किल्ली देत होता.

पण ऐका पुढे. बंदरावरचा जहाजाचा माणूस आमचे पासपोर्ट घेऊन उभा होता. माणसं कमी भरली की केबिनच्या तिजोरीतून पासपोर्ट काढून किनाऱ्यावर ठेवतात म्हणे. पुढचं बंदर बर्गन, दुसऱ्या दिवशी सकाळी. तो म्हणाला, रेल्वेने जा. जहाजाची रेल्वेची सहल महाग म्हणून आम्ही घेतली नव्हती, तीच रेल्वे आता नशिबी आली. फ्लोम ते मिरडाल, वीस किलोमीटर, त्यात वीस बोगदे, आणि समुद्राच्या पातळीवरून ८६६ मीटर वर. संध्याकाळची गाडी, डब्यात आम्ही धरून सहा माणसं. मध्ये एका धबधब्यापाशी गाडी थांबते, खाली उतरायला देतात, तुषारांनी चष्मा भिजतो. वर मिरडालला बर्फ, तिथून बर्गनची गाडी. रात्री दहाला बर्गनला उतरलो तेव्हा लख्ख उजेड. अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात सुंदर दिवस तोच. हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

बंड्या सदाशिवपेठी

पाहा. जहाज सुटलं तेव्हा प्रवास सुरू झाला. माझा मुद्दा सिद्ध.

चुकलेली बोट

तो एक दिवस मिळायला आधी जहाज लागलंच ना! आणि बर्गनला हॉटेलचं जे बिल आलं, त्यात आमच्याकडे घरगुती मुंज झाली असती.

कोकणबोट_१९४९

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. पण वरचा टेंडरचा उल्लेख वाचून राहवलं नाही.

माझं बालपण देवगडचं. वडील मुंबईत गिरणीत. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आम्ही बोटीनेच ये-जा केली. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, मग जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड. रत्नागिरीपुढे मी जागाच असायचो. लहान बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर समुद्रात थांबायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचा. बोटीच्या बाजूने शिडी, खाली पडाव लाटेवर वर-खाली. खलाशी ओरडायचा 'आता!' आणि त्याच क्षणाला पाय टाकायचा. आईच्या कडेवर धाकटी, डोक्यावर ट्रंक नाही पण हातात फणस. मला एका खलाशाने बकोट धरून उचललं होतं, ती पकड अजून दंडाला आहे. पावसाळ्यात चार महिने बोट बंद. पत्र येईल तेव्हा येईल.

२०१८च्या मे महिन्यात मुलगा मला नॉर्वेला घेऊन गेला. मोठ्या क्रूझवर नव्हे, तिथल्या किनारी बोटीवर. हुर्टिग्रुटेन. शब्दाचा अर्थच 'जलद मार्ग'. १८९३च्या जुलैत रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टला ही फेरी सुरू केली. तोवर हिवाळ्याच्या अंधारात त्या खडकाळ किनाऱ्याने बोट न्यायला कोणी धजत नव्हतं, पत्र उत्तरेला पोचायला महिने लागत. आता बर्गन ते किर्केनेस, वाटेत ३४ बंदरं, जाऊन-येऊन बारा दिवस. हल्ली दोन कंपन्या मिळून ती चालवतात. ही बोट अजून माल नेते, गावकरी नेते. रात्री अडीचला कुठल्याशा बंदरात पंधरा मिनिटं थांबते, दोन पेट्या उतरतात, एक मुलगी सायकल घेऊन चढते, दोर सुटतो. मी प्रत्येक बंदराला जागा होऊन खिडकीशी गेलो. मुलगा म्हणाला, 'बाबा, झोपा हो.' त्याला काय सांगणार? मी मुसाकाजी बघत होतो.

लोफोटेन बेटांवर स्वोल्वेर म्हणून बंदर आहे. उतरलो आणि वास आला. मुलाने नाकाला रुमाल लावला, मी उलट वासाच्या दिशेने चालायला लागलो. लाकडी मांडवांवर कॉड मासे शेपटीला शेपूट बांधून जोडीजोडीने टांगलेले, हजारो. मीठ नाही, धूर नाही, फक्त वारा आणि थंडी. आपल्याकडे वलांडीवर बोंबील घालतात तसंच, फक्त आपलं उन्हावर आणि त्यांचं गारठ्यावर. फेब्रुवारी-मार्चपासून टांगतात, जूनमध्ये काढतात. डोकी वेगळी सुकवून नायजेरियाला पाठवतात, तिथे त्यांचा रस्सा करतात. पावसाळी_बर्गन ताईंनी लिहिलेली वखार याच माशावर उभी राहिली.

मृदुलाताई, तुमच्या वडिलांना इतिहास हवा असेल तर ही बोट बघा. करमणूक काही नाही. खिडकी आहे.

तारवटी

काका, तुमचा पडाव आणि माझा टेंडर एकच. 'आता!' म्हणून आम्हीही ओरडायचो, फक्त इंग्रजीत.

सागरगोटा

वाखुसा (वाचनखूण साठवली). काका, तुम्ही लिहीत का नाही हो?

हिरवा चाफा

सगळे भारावलेत, म्हणून मी खडा टाकते. गाइरांगर गावात बारमाही राहणारी माणसं अडीचशेच्या आसपास, आणि एका जहाजातून तीन-चार हजार उतरतात. अरुंद फ्योर्डात धूर वर जात नाही, कड्यांमध्ये साचून राहतो. वारसा म्हणून जपायचं (२००५पासून यादीत आहे) आणि वर इंजिनं चालू ठेवायची. आपण महाबळेश्वरच्या ट्रॅफिकला नावं ठेवतो आणि तिथे जाऊन तेच करतो.

बंड्या सदाशिवपेठी

+१. एकटा पडलो होतो.

पावसाळी_बर्गन

हिरवा चाफा, म्हणूनच नियम आलाय. वारसा यादीतल्या फ्योर्डांमध्ये (गाइरांगर आणि नेरोय) १ जानेवारी २०२६पासून दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट आहे. मोठ्या जहाजांना मात्र २०३२पर्यंत सवलत. इथले लोक यावरही भांडतात, कारण धूर जास्त मोठ्यांचा. बर्गनला धक्क्यावर जहाजांना विजेची जोडणी मिळते, त्यामुळे उभ्या जहाजाने इंजिन बंद ठेवता येतं. पण फ्लोम आणि गाइरांगरच्या दुकानदाराला विचाराल तर तो जहाजाची वाट बघत असतो. हिवाळा मोठा आहे हो इथला.

हिरवा चाफा

माहितीबद्दल धन्यवाद. म्हणजे लहानाला आधी शिस्त, मोठ्याला सवलत. ओळखीचं वाटतंय.

आठशेखिडकीवाले

अवांतर : ब्राऊन चीज खाल्लं का कोणी?

पावसाळी_बर्गन

ब्रुनोस्त! बकरीच्या किंवा गाईच्या दुधाच्या निवळीला आटवत आटवत करतात, रंग करपट बदामी. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा वाटलं, कोणीतरी कंदी पेढ्यात मीठ टाकलंय. आता डब्यात रोज. मृदुला, आईंना चालेल का ते आधी बघ, चीजमध्ये बहुधा प्राणिज विरजण असतं. यात नसतं असं म्हणतात, तरी पाकीट वाचून घे. आणि पाणी विकत घेऊ नका, नळाचं प्या. एक साधी कॉफी पन्नास-साठ क्रोनरला पडते, त्याचे रुपये करून बघा आणि मग घरूनच थर्मास आणा.

तारवटी

थर्मास आणा, पण केबिनमध्ये वापरायला विजेची किटली, इस्त्री आणू नका. चढतानाच काढून घेतात. उदबत्ती तर मुळीच नाही. एका काकांनी संकष्टीला केबिनमध्ये लावली होती. चार मिनिटांत दाराबाहेर हेल्मेट घातलेली आठ माणसं. काका आरतीला थांबा म्हणाले.

विदर्भवासी

थांबले का मंग?

तारवटी

थांबले. त्यांच्यातला एक मालवणचा होता.

भूगोलाचे सर

वडिलांना इतिहास आवडतो म्हणून ओलेसुंद सुचवतो, मूळ यादीत नाही. १९०४च्या २३ जानेवारीच्या रात्री लागलेल्या आगीत जवळजवळ अख्खं गाव गेलं. सुमारे ८५० घरं जळाली, दहा हजार माणसं उघड्यावर, भर हिवाळ्यात, पण मृत्यू फक्त एक. त्यानंतर दगड-विटांत, त्या काळच्या आर्ट नूवो शैलीत तीनेक वर्षांत उभं केलं. त्यामुळे गावभर मनोरे, वेलबुट्ट्या, दारांवर चेहरे, सगळं एकाच वयाचं. जर्मन कैसर विल्हेल्म दर उन्हाळ्यात त्या बाजूला सुट्टीला यायचा, त्याने मदतीची जहाजं पाठवली. गावामागच्या अक्सला टेकडीवरून सुंदर दिसतं, पण ४१८ पायऱ्या आहेत. आईंना गाडीने वर नेता येतं.

ट्रॉन्डहाइमही सोडू नका. निदारोसचं कॅथेड्रल, राजा ओलाव १०३०मध्ये स्टिकलेस्टाडच्या लढाईत पडला, त्याच्या समाधीवर उभं राहिलेलं. पंढरीसारखी तिथे पायी यात्रा चालते. वारीचं वेड असलेल्यांना ते लगेच कळतं.

मृदुला_ठाणे

उशिरा लिहितेय, सॉरी. हा धागा बाबांनी पूर्ण वाचला. दोनदा. मग प्रिंट काढून कोकणबोट काकांचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. आईचं माहेर विजयदुर्गजवळचं. तिने पडावाचं ऐकलं आणि म्हणाली, 'मला आठवतं की. माझी चप्पल पडली होती पाण्यात.' आम्हा तिघांनाही हे पहिल्यांदाच कळलं.

तर निर्णय असा. मोठी क्रूझ रद्द. मुंबईहून सरळ बर्गन (म्हणजे अधे-मधे विमान बदलून), तिथे तीन रात्री, मग किनारी बोटीने बर्गन ते ट्रॉन्डहाइम. उन्हाळ्यात उत्तरेकडे जाताना ही बोट गाइरांगरलाही आत जाते आणि ओलेसुंदला थांबते, त्यामुळे सरांचंही काम झालं. एकच व्हिसा. बाबांना किर्केनेसपर्यंत जायचं होतं, पण आई म्हणाली एवढे दिवस नुसती खिडकी पुरणार नाही, ट्रॉन्डहाइमला उतरून मुलाकडे लंडनला जाऊ. (म्हणजे यूकेचा व्हिसा आलाच! माझ्या कष्टांना अर्थ नाही.)

नवऱ्याने अंदमानची फाईल परत ठेवली आहे.

तारवटी दादा, शेवटचा प्रश्न. किनारी बोटीला गाइरांगरला उतरायला टेंडर असतो का? आईने विचारलंय. आधी मला वाटलं ती घाबरली. तसं नाही. नसेल तर तिला वाईट वाटेल.

तारवटी

मी त्या बोटीवर काम केलेलं नाही, पण ती मध्येच थांबून लहान बोटीने माणसं सोडते हे मी आमच्या डेकवरून पाहिलंय. बुकिंग करताना विचारून घ्या. आणि आईंना सांगा, चप्पल नको, बूट.

रत्नांग्री

आणि परत आलात की त्या चपलेचा फोटो टाका. म्हणजे बुटाचा.

नवा_सभासद७७

छान धागा. आम्हीही जूनमध्ये जातोय. तेव्हा नॉर्दर्न लाइट्स दिसतात का?